४८ पिच, ०.६ मॉड, ३२ पी, ०.८… आरसी गाडीच्या गिअरचे दाते ओळखायचे कसे

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एका मित्राने सेकंडहॅन्ड ट्रॅक्सस स्लॅश ही आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, गाडी घेतली, टू व्हील ड्राइव्हवाली. स्पर, म्हणजे मोठा गिअर, ८६ दात्यांचा, आणि मोटरच्या शाफ्टवर बसणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो आधीच्या मालकाने १९ चा लावलेला. स्पीड वाढवायचा म्हणून त्याने ऑनलाइन २३ चा पिनियन मागवला, वर्णनात "४८ पी / ०.६ मॉड" असं दोन्ही लिहिलेलं होतं. बसवला, मेश, म्हणजे दोन गिअरचे दाते एकमेकांत कसे बसतात ते, पाहिली, मैदानावर नेली आणि दहा मिनिटांत स्परचे दाते साफ. आता त्याचं म्हणणं, मेश चुकली का, प्लॅस्टिकचा स्परच कच्चा असतो का, मेटलचा घेऊ का, आणि हे पिच, मॉड, डीपी नेमकं काय प्रकरण आहे. सोबत एक फार कामाची गोष्ट त्याने लिहिलीय, नवा पिनियन व्हर्निअरवर १४.९ मिमी येतो.

भावा, उत्तर त्या १४.९ मध्येच आहे. २३ अधिक २ म्हणजे २५, आणि १४.९ भागिले २५ केलं की येतं ०.५९६. म्हणजे तुझ्याकडे आलेला पिनियन ०.६ मॉडचा आहे (हे सूत्र आणि मॉड, पिच ही दात्याच्या आकाराची मापं खाली समजावतो). तुझा स्पर ४८ पिचचा. ४८ पिचचा २३ दात्यांचा पिनियन असता तर व्हर्निअरवर १३.२ च्या आसपास दिसला असता. एवढ्याशा पिनियनमध्ये पावणेदोन मिलीमीटरचा फरक म्हणजे खूप झाला. तुझी मेश चुकलेली नाही, कारण या दोघांची मेश बसूच शकत नाही, कितीही हातखंडा असला तरी. आणि मेटल स्पर अजिबात घेऊ नको, त्याने रोग तसाच राहील फक्त पुढच्या वेळी स्परऐवजी पिनियन किंवा मोटरचा शाफ्ट जाईल.

आता नीट समजावतो, कारण हा घोळ मी गेली पंधरा वर्षं बघतोय आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. माझी स्वतःची नोकरी भोसरीत गिअर कटिंगमध्ये गेली, हॉबिंग मशीनवर, म्हणजे हॉब नावाच्या फिरत्या कटरने दाते कापणाऱ्या मशीनवर, त्यामुळे या दात्यांशी रोजचा संबंध होता आणि आरसीचा नाद नंतर लागला.

सगळ्यात पहिली गोष्ट, दात्यांची संख्या आणि दात्याचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २३ टी म्हणजे तेवीस दाते, बस, त्यातून दाता केवढा आहे ते कळत नाही. बॅगेची चेन डोळ्यासमोर आण. एक बाजू एका बॅगेची आणि दुसरी बाजू दुसऱ्या बॅगेची घेतली तर दोन्हीकडे दात आहेत, पण रनर दोन बोटं सरकेल आणि अडकेल, कारण दोन दातांमधलं अंतर वेगळं आहे. गिअरमध्ये तेच होतं, फक्त मिनिटाला वीस-तीस हजार फेऱ्यांच्या मोटरवर होतं म्हणून अडकण्याऐवजी सोलून निघतं.

हे अंतर सांगायच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकन गाड्यांमध्ये इंचाची पद्धत, तिला डायमेट्रल पिच म्हणतात, डीपी किंवा नुसतं पी. गिअरचा एक मानलेला गोल असतो, पिच सर्कल, जिथे दोन गिअर एकमेकांवर लोळतात असं आपण धरतो. त्या गोलाचा व्यास एक इंच असताना त्यावर किती दाते बसतात तो आकडा म्हणजे डीपी. ४८ पी म्हणजे एक इंच व्यासाच्या गिअरवर ४८ दाते. ३२ पी म्हणजे तेवढ्याच गिअरवर ३२, म्हणजे दाते मोठे. ६४ पी म्हणजे बारीक.

दुसरी मेट्रिक पद्धत, मॉड्यूल. पिच सर्कलचा व्यास मिलीमीटरमध्ये घ्यायचा आणि दात्यांच्या संख्येने भागायचा. ५० दाते आणि व्यास ३० मिमी, तर ०.६ मॉड. तामिया जपानी कंपनी, ती हीच पद्धत वापरते आणि पाकिटावर "०६ मॉड्यूल" किंवा "०४ मॉड्यूल" असं लिहिते, मध्ये पॉइंट नसतो, तर ते ०.६ आणि ०.४ असं वाचायचं.

इथे एक ठेच कायम लागते. मॉडमध्ये आकडा मोठा तर दाता मोठा. डीपीमध्ये आकडा मोठा तर दाता बारीक. त्यात आणि पिच हा शब्द आपल्याकडे वर्कशॉपमध्ये आट्यांसाठी वापरतात, तिथे पिच मोठा म्हणजे आटे जाड. त्यामुळे चांगले अनुभवी फिटरसुद्धा ४८ पिच ऐकून "३२ पेक्षा मोठे दाते असणार" असं धरून चालतात. उलटं आहे.

एकातून दुसऱ्यात जायचं तर २५.४ ला भागायचं, एका इंचात तेवढे मिलीमीटर म्हणून. ४८ ने भाग, ०.५२९ मॉड येतो. ३२ ने भाग, ०.७९४. ६४ ने भाग, ०.३९७. उलटं ०.६ मॉडचे ४२.३ डीपी, ०.५ चे ५०.८, ०.८ चे ३१.७५, १ मॉडचे २५.४. हे आकडे मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेव, दुकानात उभं असताना उपयोगी पडतात.

आता यातून काय दिसतं बघ. ३२ पी म्हणजे ०.७९४ आणि शेजारी ०.८, अगदी खेटून. ६४ पी आणि ०.४ पण तसेच खेटून. पण ४८ पी कुणाच्याच शेजारी नाही. ०.५ आणि ०.६ च्या मध्ये लटकलेला आहे, ०.५२९. आणि नेमका हाच पिच दहाव्या स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या, गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त, तर ०.६ तामियामुळे सगळीकडे. विकणारे ३२ आणि ०.८ चालतात हे ऐकून असतात, आणि तेच सूत्र ४८ आणि ०.६ ला लावून टाकतात. तुझ्या पाकिटावरचं "४८ पी / ०.६ मॉड" तिथून आलं असावं.

चालतं आणि चालत नाही यातला फरक मला कागदाने समजवायला आवडतो. आपला झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. दोन शेजारच्या दात्यांमधलं अंतर पिच सर्कलवर मोजलं तर ते मॉड गुणिले पाय, म्हणजे ३.१४१६. ३२ पी आणि ०.८ मध्ये या अंतराचा फरक ०.०२ मिमी, कागदाच्या जाडीच्या पाचव्या भागाएवढा. गाडीच्या गिअरमध्ये मेशला ढिलाईच त्यापेक्षा कितीतरी जास्त ठेवतो आपण, त्यामुळे ते खपून जातं. ४८ पी आणि ०.६ मध्ये फरक ०.२२ मिमी. दोन कागदांपेक्षा जास्त, आणि तोही एका दात्यामागे. ४८ आणि ०.५ मध्ये ०.०९, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण कागद.

तुझ्या गाडीत आत काय झालं तेही सांगतो. ०.६ मॉडच्या पिनियनचा दाता पिच सर्कलवर ०.९४ मिमी जाड असतो. ४८ पिचच्या स्परची दोन दात्यांमधली खाच ०.८३ मिमीची. जाड दाता बारीक खाचेत पूर्ण उतरतच नाही. तू मोटर सरकवत सरकवत अशा जागी आणली असशील जिथे हाताने फिरवल्यावर गिअर मोकळे वाटले, बरोबर ना? त्या जागी फक्त दात्यांची टोकं एकमेकांना लागत होती. आणि चांगल्या जोडीत एका वेळी दीड ते पावणेदोन दाते भार घेतात, म्हणजे एक दाता सोडायच्या आधी पुढचा पकडतो. तुझ्याकडे पुढचा दाता पोचेपर्यंत ०.२ मिमीने मागे-पुढे, त्यामुळे प्रत्येक वेळी एकाच टोकावर सगळा भार आणि तोही ठोक्याने. हाताने फिरवताना कळत नाही, ट्रिगर दाबला की सगळं एकदम येतं.

जुना स्पर फेकला नसशील तर उजेडात धरून बघ. चुकीच्या पिचने गेलेला स्पर पूर्ण गोलाकार सारखाच सोललेला असतो, प्रत्येक दात्याचं टोक कापलेलं आणि पांढरट पडलेलं, बुंध्याकडचा भाग मात्र नव्यासारखा चकचकीत, कारण तिथपर्यंत पिनियन कधी पोचलाच नाही. मेश फार घट्ट असेल तर दात्यांच्या बाजू पॉलिश केल्यासारख्या होतात, आजूबाजूला काळी किंवा पांढरी भुकटी साठते आणि स्पर हाताला गरम लागतो, कधी वितळल्याच्या खुणा दिसतात. खडा अडकला असेल तर दोन-तीन दातेच गेलेले आणि बाकी सगळे धडधाकट. चौथा प्रकार म्हणजे मेश ढिली, त्यातही टोकंच जातात म्हणून चुकीच्या पिचसारखाच दिसतो, लोक फसतात तिथे. फरक असा की ढिल्या मेशमध्ये मोटरचे स्क्रू सुटलेले किंवा माउंट सरकलेलं सापडतं. मोटर जागच्या जागी घट्ट असेल आणि तरी टोकं गेली असतील तर पिच तपासायचा.

मोजायचं कसं, हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण पाकिटावर विश्वास ठेवून चालत नाही आणि सेकंडहॅन्ड गाडीत आधीच्या मालकाने काय बसवलंय देव जाणे.

सूत्र एकच आहे. बाहेरचा व्यास मिमीमध्ये, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत, भागिले दात्यांची संख्या अधिक २. आलेला आकडा म्हणजे मॉड. अधिक २ कशाला, तर पिच सर्कलच्या बाहेर दाता दोन्ही बाजूंनी एकेक मॉड वर निघालेला असतो. तुझा ८६ चा नवा स्पर मोज, ४६.६ मिमी यायला हवा. ४६.६ भागिले ८८, ०.५२९, झाला ४८ पी. तोच ०.६ चा असता तर ५२.८ आला असता, नुसत्या पट्टीनेही कळला असता.

दाते मोजताना पहिल्या दात्यावर मार्करने खूण कर आणि मगच सुरू कर. ऐंशी-नव्वद दाते मोजताना एखादा दाता चुकतोच, दोनदा मोज. बऱ्याच स्परवर आकडा छापलेला असतो, पण मी तरी मोजतो.

स्पर आणि पिनियन दोन्ही हातात असतील तर कायम स्परवर मोजायचं, पिनियनवर नाही. एक तर मोठ्या गिअरमध्ये चूक वाटली जाते. दुसरं म्हणजे लहान पिनियन, बारा-तेरा-चौदा दात्यांचे, हे बरेचदा मुद्दाम थोडे मोठ्या व्यासाचे कापतात. वीस डिग्री प्रेशर अँगलला, म्हणजे दात्याच्या बाजूच्या उताराला, सतरापेक्षा कमी दाते असले की कटर दात्याचा बुंधा आतून खातो, दाता कमरेत बारीक होतो, तो वाचवायला कटर थोडा बाहेर ठेवून कापतात. आमच्या शॉपवर याला करेक्शन दिलेला गिअर म्हणायचे. मग सूत्राचा आकडा जास्त येतो आणि तू नसता घोळात पडशील.

आणि एक बारकी गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. विषम दाते असतील तर व्हर्निअर खरा व्यास दाखवतच नाही. एका जबड्याला एका दात्याचं टोक लागतं पण समोर टोक नसतं, खाच असते, दुसरा जबडा शेजारच्या दोन टोकांवर टेकतो. त्यामुळे माप कमी येतं. ८७ दात्यांच्या स्परमध्ये हे नगण्य आहे. पण तेरा दात्यांचा ०.८ चा पिनियन घे. खरा व्यास १५ गुणिले ०.८, बारा मिमी. व्हर्निअर दाखवणार ११.८३. आता ११.८३ भागिले १५, ०.७८९. तू म्हणणार ३२ पी आहे. नाही, तो ०.८ चाच आहे. मी स्वतः एकदा असे चार पिनियन चुकीच्या डबीत टाकून ठेवले होते, कितीतरी दिवसांनी लक्षात आलं. तुझे १४.९ पण त्यामुळेच पूर्ण १५ नाहीत, तेवीस विषम आहे.

व्हर्निअर नसेल तर ज्याचा पिच नक्की माहीत आहे असा एक गिअर जवळ ठेव आणि दुसरा त्यात हाताने दाबून उजेडासमोर धर. पिच एक असेल तर दाते बुंध्यापर्यंत सारखे बसतात आणि दोघांच्या मधून उजेडाची सारखी बारीक रेघ दिसते. वेगळा असेल तर एक दाता खोल जातो आणि शेजारचा अडकून बसतो. ४८ आणि ०.६ लगेच कळतात. ३२ आणि ०.८ असे कळत नाहीत, तिथे मोठा स्पर आणि व्हर्निअरच हवा. ५४ दात्यांचा स्पर ०.८ चा असेल तर ४४.८ आणि ३२ पी चा असेल तर ४४.४५, एवढा फरक व्हर्निअरवर स्पष्ट वाचता येतो.

आता ३२ आणि ०.८ एकत्र चालवायचे का? ट्रॅक्ससच्या स्लॅश फोर बाय फोरचे गिअर ०.८ मेट्रिक आहेत आणि कंपनी स्वतः त्यावर लिहिते की ३२ पिचशी जुळतात. म्हणजे कंपनीचाच दाखला आहे. दोन्हीचा प्रेशर अँगल वीस डिग्री, म्हणून हे शक्य होतं, दात्याची बाजू सारख्याच उताराची आहे. माझं मत विचारशील तर क्रॉलरमध्ये, म्हणजे दगडांवरून हळू चढणाऱ्या गाडीत, बिनधास्त चालव, तिथे वेग नाही. तीन सेलच्या लिपो बॅटरीवर ब्रशलेस मोटरची बॅशर, म्हणजे आदळआपट करायची गाडी, चालवत असशील, उड्या मारत असशील, तर मी तरी दोन्ही एकाच पद्धतीचे घेतो. मिसळलेली जोडी चालते पण आवाज थोडा जास्त येतो आणि स्पर लवकर झिजतो असा माझा अनुभव आहे. मिसळायचेच असतील तर दोन्ही नवे बसव आणि मग जोडी तोडू नको, त्या दोघांचे दाते एकमेकांवर घासून बसतात.

कुठल्या गाडीत काय असतं, ढोबळ सांगतो. टूरिंग कार आणि रेसिंगच्या गाड्यांमध्ये ६४ किंवा ४८, बारीक दाते म्हणजे आवाज कमी, घर्षण कमी आणि गिअरिंग एकेका दात्याने बारीक बदलता येतं, पण माती आणि खडा अजिबात सहन होत नाही. दहाव्या स्केलच्या टू व्हील ड्राइव्ह बगी, स्टेडियम ट्रक, तुझी स्लॅश, ४८. दणकट फोर बाय फोर आणि ट्रेल गाड्या ३२ किंवा ०.८, ट्रॅक्ससची टीआरएक्स-४ त्यातलीच. आठव्या स्केलच्या बगी, नायट्रो असो की इलेक्ट्रिक, १ मॉड. पाचव्या स्केलच्या पेट्रोलच्या मोठ्या गाड्या १.५ मॉडपर्यंत जातात. तामियाच्या टीटी-०१, टीटी-०२ मध्ये ०.६. पण देश बघून पिच ठरवू नको, जपानी क्योशोच्या दहाव्या स्केलच्या रेसिंग बगीसुद्धा ४८ वर आहेत, कारण रेसिंगवाले पिनियन स्वतःचे घेऊन येतात आणि बाजारात ४८ चे ढिगाने मिळतात.

तामियावाल्यांना एक वेगळं सांगायचंय कारण दोन जणांनी तेही विचारलंय. त्यांच्या बऱ्याच साध्या चासींमध्ये मोटरच्या स्क्रूला लांब खाच नसते, भोकं ठरलेली असतात. म्हणजे दोन गिअरच्या केंद्रातलं अंतर कंपनीने ठरवून दिलंय. हे अंतर म्हणजे दोघांच्या दात्यांची बेरीज गुणिले मॉड भागिले दोन. टीटी-०२ ला ७० चा स्पर आणि २२ चा पिनियन येतो, बेरीज ९२, गुणिले ०.६, भागिले २, म्हणजे २७.६ मिमी. या भोकांवर ४८ पी ची जोडी बसवायची तर बेरीज किती हवी? २७.६ दुणे ५५.२, भागिले ०.५२९, येतात १०४.३. म्हणजे १०४ ची बेरीज जुळते, ८० चा स्पर आणि २४ चा पिनियन असं काहीतरी, ०.०८ मिमीची ढिलाई राहते आणि ती चालते. १०५ केलीस तर मात्र गिअर एकमेकांत घुसतील. असा हिशोब आधी कागदावर करायचा, मग ऑर्डर करायची. आणि स्पर बदलला की पिनियनही बदलायचा, दोघं एका पिचचे, हे वेगळं सांगायला नको.

आता स्वतःचा एक किस्सा सांगतो कारण त्यातून मला जी अक्कल आली ती फुकट देता येईल. लॉकडाऊनमध्ये बाहेरून पार्ट येत नव्हते आणि माझ्याकडे ४८ चा एकही स्पर शिल्लक नव्हता. म्हटलं आपण गिअरवालेच आहोत, डेल्रिनमधून, म्हणजे कडक प्लॅस्टिकमधून, कापून घेऊ. ओळखीच्या एका शॉपवर गेलो, त्यांच्याकडे ४८ डीपीचा हॉब नव्हता, एवढ्या बारीक इंची दात्यांचं काम आपल्याकडे येतंच कुठे. ते म्हणाले ०.५ चा हॉब आहे, जवळच आहे, कापू का. मीही घाईत हो म्हटलं, आणि इतकी वर्षं हे काम करून हो म्हटलं याचं मला आजही वाईट वाटतं. स्पर सुंदर झाला, गुळगुळीत, एकदम गोल. गाडीत बसवला, चालली पण. पण आवाज असा यायचा की जणू डब्यात खडे घातलेत. पाच-सहा बॅटऱ्या झाल्या आणि पिनियनच्या, हो, स्टीलच्या पिनियनच्या दात्यांवर एका बाजूने धार आली, बोट फिरवलं तर लागेल अशी. डेल्रिनचा स्पर तर गेलाच. एका दात्यामागे जेमतेम एका कागदाचा फरक होता तो, तुझ्याकडे दोनपेक्षा जास्त कागदांचा होता.

त्यामुळे कुणी गिअर कापून घेणार असेल तर शॉपवाल्याला "४८ सारखा" असं सांगू नका, दात्यांची संख्या, डीपी किंवा मॉड, प्रेशर अँगल २० डिग्री, बाहेरचा व्यास, असं चारही लिहून द्या. हॉबिंगवर एकच हॉब कितीही दात्यांचा गिअर कापतो म्हणून हॉब असेल तर काम सोपं आहे. मिलिंगवर कापणार असतील तर एका पिचसाठी आठ कटरांचा सेट लागतो, दात्यांच्या संख्येनुसार कटर निवडतात, आणि तिथे डीपीच्या सेटमध्ये एक नंबर म्हणजे सगळ्यात जास्त दात्यांचा, तर मॉड्यूलच्या सेटमध्ये एक नंबर म्हणजे बारा-तेरा दात्यांचा. नंबर सांगू नका, दाते सांगा. आणि खरं सांगायचं तर बाजारात स्पर मिळत असेल तर तोच घ्या, साच्यातून आलेला तयार स्पर कापून घेतलेल्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो.

तुझ्या मेटल स्परच्या प्रश्नाकडे येतो. प्लॅस्टिकचा स्पर कच्चा म्हणून नाही ठेवलेला, तो मुद्दाम आहे. खडा आला, चाक अडकलं, तर सगळ्यात स्वस्त आणि बदलायला सोपी वस्तू आधी जावी आणि मोटर, डिफरेन्शियल, शाफ्ट वाचावेत म्हणून. स्टीलचा पिनियन आणि प्लॅस्टिकचा स्पर ही दहाव्या स्केलसाठी उत्तम जोडी आहे. आठव्या स्केलला स्टीलवर स्टील लागतं, तिथे ताकदच तेवढी असते. पिनियन अ‍ॅल्युमिनियमचा घेऊ नको मातीत चालवणार असशील तर, वरचा कडक थर गेला की आतलं मऊ अ‍ॅल्युमिनियम भराभर झिजतं आणि ती करकरीत भुकटी स्परला सँडपेपरसारखी खाते.

पिनियन घेताना पिचच्या जोडीला भोक पण बघ. तुझ्या ५४०-५५० साइजच्या मोटरचा शाफ्ट ३.१७ मिमी, म्हणजे १/८ इंच. आठव्या स्केलच्या मोटरचा ५ मिमी. ३२ पी चे पिनियन दोन्ही भोकांत मिळतात, तिथे गोंधळ होतो. पिनियन आवळायचा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या भागावर बसला पाहिजे, गोल भागावर नाही. त्याला स्क्रू सुटू न देणारं निळं थ्रेडलॉक एक थेंब. ॲलन की चांगली घे, झिजलेल्या कीने एकदा का ग्रबचं भोक गोल झालं की पिनियन काढायला नाकी नऊ येतात.

मेश लावताना, पिच बरोबर असेल तर, कागदाची पट्टी कापायची, दोन्ही गिअरच्या मधून घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि स्पर फिरवून कागद बाहेर काढायचा. कागदावर सारख्या घड्या पडायला हव्यात, फाटला तर घट्ट, घड्याच नीट नाहीत तर ढिली. मग पिनियन बोटाने धरून स्पर किंचित हलवायचा, टिक-टिक असा अगदी बारीक खेळ जाणवला पाहिजे. आणि हे स्पर पाव-पाव फिरवून चार ठिकाणी बघायचं, कारण प्लॅस्टिकचा स्पर शंभर टक्के गोल कधीच नसतो. जिथे सगळ्यात घट्ट लागतो तिथे खेळ शिल्लक असेल असं ठेवायचं. हे काम मी दिवसा उजेडात आणि बॅटरी काढून करतो.

राहिलं १९ वरून २३ ला जायचं. ८६ भागिले १९ म्हणजे ४.५३, ८६ भागिले २३ म्हणजे ३.७४. स्लॅशच्या आतल्या गिअरबॉक्सचा रेशो २.७२, तो गुणला की एकूण १२.३ वरून १०.२ वर येतोस. त्याच मोटरवर वेग साधारण एकवीस टक्के वाढतो, पण मोटरवरचा भारही त्याच हिशोबाने चढतो आणि करंट वाढतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात, उंच गवतात किंवा भुसभुशीत मातीत हे झेपत नाही. मी एकदम चार दाते चढवत नाही, मध्ये २१ लावून पाच मिनिटं चालवतो आणि मोटर तपासतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, ८० डिग्रीच्या वर मी जाऊ देत नाही, ब्रशवाली मोटर असेल तर आणखी आधीच थांबतो. थर्मामीटर नसेल तर मोटरवर बोट तीन-चार सेकंद ठेवता आलं पाहिजे. नाहीच ठेवता आलं तर एक-दोन दाते खाली ये.

तेव्हा आता ऑर्डर अशी कर. ८६ दात्यांचा ४८ पिचचा स्पर एक, शक्यतो दोन. पिनियन २१ आणि २३, दोन्ही ४८ पिच, स्टील, १/८ इंच भोक. विकणाऱ्याने पुन्हा "४८ / ०.६" असं दोन्ही लिहिलेलं असेल तर बाहेरचा व्यास विचार, नाही सांगता आला तर दुसरीकडून घे. पाकीट आलं की गाडीकडे जायच्या आधी व्हर्निअर काढ. २३ चा १३.२ च्या जवळ आणि २१ चा १२.१ च्या जवळ यायला हवा. हे दोन आकडे दिसले तर ग्रबला थ्रेडलॉक लाव आणि बसव. पुन्हा १४.९ दिसला तर पाकिटासकट परत पाठव. आत्ताचा पिनियन मात्र फेकू नको, त्यावर मार्करने ०.६ लिहून ठेव, टीटी-०२ वाला कुणी भेटला की त्याच्या कामी येईल.